अपूर्णब्रह्म हातोहात

पाककृतीचं पुस्तक कुणी वाचायला नेलं तर परत येताना ते हळदीचा डाग घेऊन येतं. कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ १९७० साली निघाली. तेव्हापासून लाखाहून जास्त प्रती घरोघरी गेल्या, आणि त्यातली एखादी तरी कोरी राहिली असेल असं मला वाटत नाही. माझ्या प्रतीत चकलीचं पान तेलाने पारदर्शक झालंय. कादंबरीचं तसं नाही. ती परत येते कोपरे दुमडून, कधी आत बसचं तिकीट विसरून. पण खाण्याच्या आठवणींचं पुस्तक या दोन्हींच्या मधलं असतं. ते स्वयंपाकघरात ठेवायचं की उशाशी, हे नेणारीलाच ठरवता येत नाही. म्हणून असं पुस्तक कुठे ठेवलं गेलं, कुणी किती दिवस ठेवलं आणि काय म्हणून परत दिलं, यावरून पुस्तकाची नि वाचणारीची दोघांचीही परीक्षा होते.

आमच्या इब्रामपुरात गेली दोन वर्षं असं एक पुस्तक फिरतंय. शाहू पाटोळे यांचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’. औरंगाबादच्या जनशक्ती वाचक चळवळीने ते २०१५ साली काढलं. मराठवाड्यातल्या महार आणि मांग समाजांचं खाणं, ते कसं मिळायचं, कसं शिजायचं, कोण कशावर जगायचं, याच्या आठवणी, कृती आणि त्याबरोबर सगळ्या मराठी अन्नविचारावर केलेली झणझणीत टीका, असं हे तिहेरी पुस्तक आहे. २०२४ साली भूषण कोरगांवकरांनी त्याचं इंग्रजी भाषांतर केलं तेव्हा शहरांत त्याची पुन्हा चर्चा झाली. आमच्याकडे ते त्याआधीच, एका भाचीच्या पिशवीतून, दोडामार्गमार्गे येऊन पोचलं होतं.

मी जैन आहे, दिगंबर. माहेर बेळगावकडचं, सासर इथलं. आमच्या घरात कांदा-लसूण नाही, बटाटा नाही, सूर्य बुडाल्यावर जेवण नाही. मध नाही. आणि या पुस्तकात वाळवलेल्या मांसाच्या चान्या आहेत, रक्त शिजवून केलेली रक्ती आहे, जनावराच्या ज्या भागांची नावंसुद्धा मी कधी उच्चारली नव्हती त्यांच्या कृती आहेत. तेव्हा ‘तू हे पुस्तक वाचलंस कशाला आणि वर चार जणींना दिलंस कशाला?’ हा प्रश्न मला आमच्याच लोकांनी विचारला. सांगलीहून फोनवर विचारला, बेळगावात लग्नात भेटल्यावर विचारला. हा लेख त्याचं उत्तर म्हणून लिहिते आहे असं धरलं तरी चालेल. पण उत्तर देताना पुस्तकाचं मूल्यमापनही करणार, नुसती वकिली करणार नाही.

आधी थोडं दूर जाऊन येते. खाद्यसमीक्षकाचं आत्मकथन म्हटलं की जगात ज्यांचं नाव घेतात त्यात रूथ रायशल ही अमेरिकन बाई आहे. ती १९९३ ते १९९९ ‘न्यूयॉर्क टाइम्स’ची हॉटेलं पारखणारी समीक्षक होती, नंतर ‘गूर्मे’ मासिक २००९ साली बंद पडेपर्यंत त्याची संपादक. तिचं ‘गार्लिक अँड सफायर्स’ हे २००५ चं पुस्तक माझ्या भाचीनेच मला दिलं. इंग्रजी असल्यामुळे ते फार हातांत फिरलं नाही, तेव्हा मी ते दुपारी बसून तोंडीच सांगितलं, कीर्तनकारासारखं. गोष्ट अशी, की ती विमानाने न्यूयॉर्कला येत असताना शेजारी बसलेल्या, हॉटेलात वाढपीकाम करणाऱ्या बाईने तिला ओळखलं. तिचा फोटो हॉटेलांच्या मुदपाकखान्यांत लावला होता म्हणे. मग हिने वेष बदलायला सुरुवात केली. टोप, जुने कपडे, वेगळं नाव. ‘ल सर्क’ नावाच्या महागड्या हॉटेलात ती साधीसुधी शाळामास्तरीण बनून गेली तर तिला ताटकळत ठेवलं, कोपऱ्यातली जागा दिली, वाइनची यादी हातातून काढून घेतली. पुढे स्वतःच्या नावाने गेली तर मालक स्वतः दारात, ‘स्पेनचे राजे खोळंबलेत, पण तुमचं टेबल तयार आहे’ म्हणाला. आणि ताटलीतल्या रास्पबेरीसुद्धा मोठ्या झाल्या होत्या. तिने दोन्ही अनुभव शेजारीशेजारी छापले आणि हॉटेलचा एक तारा काढून घेतला.

ही गोष्ट आमच्या मंडळात फार आवडली. रास्पबेरी कुणी पाहिलेली नाही, पण मोठ्या रास्पबेरी कुणाला मिळतात ते सगळ्यांना कळलं. लग्नातल्या आतल्या पंगती आणि मांडवातल्या पंगती आपण सगळ्यांनीच पाहिल्यात. त्याच पुस्तकात ती एकदा गबाळी, गरीब म्हातारी बनते, तर तिच्याकडे कुणाचं लक्षच जात नाही. या ठिकाणी आमच्यातल्या दोघी-तिघी एकदम गप्प झाल्या.

रायशल मला आवडते. तिच्यात विनोद आहे, स्वतःवर हसण्याची तयारी आहे. पण ‘अपूर्णब्रह्म’ वाचल्यावर तिच्या पुस्तकाची मर्यादा कळते. अपमान कसा असतो हे पाहायला तिला टोप घालावा लागला, आणि संध्याकाळी घरी येऊन तो काढता आला. पाटोळे ज्या ताटाविषयी लिहितात तिथे वेष बदलायची सोयच नव्हती. ते टेबल बाहेरून बघणाऱ्याचं आत्मकथन आहे. म्हणून मी त्यालाच खरं समीक्षकाचं आत्मकथन म्हणेन. कुठल्या हॉटेलाला किती तारे, याच्या पुढे जाऊन ते सगळ्या समाजाच्या पंगतीची परीक्षा घेतं, आणि नापास करतं.

तर हे पुस्तक गावात फिरलं कसं? सांगण्यासारखं आहे. आमच्या मोठ्या जाऊबाईंनी सांगितलं, “वाच हवं तर, पण चौक्यात नको आणू.” मग ते पडवीतल्या फळीवर, वर्तमानपत्राचं कव्हर घालून राहिलं. तिथून शेजारच्या बाईंनी नेलं. त्या पक्क्या मासेखाऊ. आठ दिवसांनी परत देताना म्हणाल्या, “सगळां बरां, पण हुमण खंय गो ह्यात?” त्यांना मराठवाड्याला समुद्र नाही हे मान्यच होईना. एका शिक्षिकेने नेलं आणि आत पेन्सिलीने खुणा केल्या, पुसूनही दिल्या, पण खरडलेलं दिसतं. एका नव्या सुनेने फक्त बिनमांसाच्या कृतींच्या पानांचे मोबाईलवर फोटो काढले आणि दुसऱ्या दिवशी पुस्तक परत. तिचं झालं होतं.

आणि पुस्तकावर हळदीचा एक डाग नाही. बारा-पंधरा घरं फिरून आलेलं खाण्याचं पुस्तक कोरं राहावं, याचा अर्थ काय लावायचा? ते स्वयंपाकघरात गेलंच नाही. उशाशी वाचलं, दुकानाच्या गल्ल्यावर वाचलं, पण चुलीजवळ नेण्याची कुणाची छाती झाली नाही. माझीही नाही. आपण शब्द वाचले, शिजवलं काही नाही. ज्या नव्या सुनेने फोटो काढले तिने मात्र त्यातली एक बिनतेलाची भाजी करून पाहिली म्हणतात, आणि तिच्या फोनला डाग पडला असेल तर तो मला दिसत नाही.

आता वाचकांविषयी थोडं कडक बोलते. बहुतेक जणींची पहिली प्रतिक्रिया होती, “बिचारे! काय काय खावं लागलं लोकांना.” ऐकायला दयाळू वाटतं. पण मला हे वाचन चुकीचं वाटतं, आणि पुस्तकावर अन्याय करणारं वाटतं. उपासमारीची हकिगत आपल्याकडे याआधी आलेली आहे. दया पवारांचं ‘बलुतं’ १९७८ साली आलं. बेबीताई कांबळ्यांचं ‘जिणं आमुचं’, शांताबाई कांबळ्यांची ‘माज्या जल्माची चित्तरकथा’, यांत भूक जागोजागी आहे. ती वाचून आपण डोळे पुसले आणि पुस्तक मिटलं. पाटोळे डोळे पुसण्याची संधी देत नाहीत. ते चव सांगतात. अमुक भाग कसा कापायचा, कशाबरोबर चांगला लागतो, उन्हात किती वाळवायचा, वाळवलेलं पावसाळ्यात कसं उपयोगी पडतं, हे ते एखाद्या सुगरणीच्या नेमकेपणाने सांगतात. तेल-तूप वापरायचं नाही हा तिथे काही आरोग्याचा नियम नव्हता, ते परवडत नव्हतं. पण त्या न परवडण्यातूनही हात बसले, पद्धती तयार झाल्या, आवडीनिवडी तयार झाल्या. ‘माझ्या आईच्या हातची चव’ हा शब्दप्रयोग आपण पुरणपोळीपुरता राखून ठेवला होता. तो त्यांनी आपल्या हातून काढून घेतला. दया करणाऱ्याला समोरच्याची चव कबूल करावी लागत नाही, म्हणून दया सोपी.

फोटो काढणाऱ्या सुनेचं वाचन वेगळ्या प्रकारे अपुरं आहे. तिने पुस्तकातून भाज्या घेतल्या आणि भांडण तिथेच ठेवलं. पण हे पुस्तक भांडणाचंच आहे. सात्त्विक, राजस, तामस अशी जेवणाची उतरंड लावायची आणि मग जेवणारालाही तीच उतरंड लावायची, ही युक्ती पाटोळे उघडी पाडतात. तामस अन्न खाणारा तामसी, म्हणून तो खाली. आणि तो खाली, म्हणून त्याच्या वाट्याला तेच अन्न. हे चक्र कुठून सुरू झालं विचारलं तर कुणी सांगू शकत नाही. आपल्या पाककलेच्या पुस्तकांनी हा प्रश्न कधी विचारला? लक्ष्मीबाई धुरंधरांचं ‘गृहिणीमित्र’ घ्या, ‘रुचिरा’ घ्या, माझी ही आवडती पुस्तकं आहेत. पु. लं.चं ‘माझे खाद्यजीवन’ तर मला हसून हसून पाठ झालंय. दुर्गाबाई भागवतांच्या ‘खमंग’मध्ये विद्वत्ताही आहे नि जिव्हाळाही. पण ‘मराठी माणूस काय खातो’ हे सांगताना यातला कुणी वेशीबाहेर गेला का? वाचताना आपल्यालाही ते कधी खटकलं नाही, हे जास्त बोचतं.

इथे आमच्या जैन वाचकांना एक गोष्ट सांगायची आहे, थोडी सविस्तर सांगते.

आपल्या दारात अन्नासाठी कोण येतं? माझ्या माहेरी चातुर्मासात मुनिमहाराज असले की घरी चौका लागायचा. पहाटेपासून पाणी गाळणं, धान्य पुन्हा निवडणं, ओल्या सोवळ्यात स्वयंपाक. मग आई-वडील कलश नि नारळ घेऊन दारात उभे राहायचे आणि महाराज दिसले की हात जोडून, थांबा, थांबा अशी विनवणी करायचे. महाराज मागत नाहीत. बोलतही नाहीत. दिवसातून एकदा, उभ्याने, हाताच्या ओंजळीत घेतात. केस निघाला, मुंगी निघाली की अंतराय झाला, ओंजळ सोडून ते निघून जातात, आणि घरातली बाई दिवसभर रडते. त्यांनी आपल्याकडचं अन्न घेतलं हा त्यांचा उपकार, अशी आपली भावना असते. मी ते लहानपणी पाहिलंय आणि अजूनही मला ते सुंदर वाटतं.

दुसरा माणूस येसकर. ज्या महाराची गावकामाची पाळी असेल तो संध्याकाळी घुंगरांची काठी घेऊन दारोदार यायचा. गावाची राखण केली, सांगावे पोचवले, मेलेली ढोरं ओढली, त्याचं बलुतं म्हणून ही भाकरी. म्हणजे मजुरी. हक्काची. पण ती वाढली जायची वरून, अंतर राखून, कालची, उरलेली. दलित आत्मकथनांत ही पाळी पुन्हा पुन्हा येते.

भाकरी तीच, वाढणाऱ्या बाईचा हातही तोच. एक जण काही काम न करता येतो आणि त्याच्यापुढे आपण वाकतो. दुसरा राबून येतो आणि त्याच्यासमोर आपण मागे सरतो. त्याग केलेल्याला अन्न देणं पुण्य हे मला मान्यच आहे. माझा प्रश्न दुसऱ्या दाराविषयी आहे. आहारदानाची नवधाभक्ती आपल्याला इतकी बारकाईने शिकवली, तर येसकराला भाकरी कशी द्यावी हे का नाही शिकवलं? ‘अपूर्णब्रह्म’ वाचताना मला हे दोन दरवाजे एकदम दिसले. पुस्तकात मुनिमहाराज नाहीत, हा जोड माझ्या डोक्यातला. पण चांगलं पुस्तक ते, जे वाचताना आपण आपल्याच घरचं काहीतरी उचलून त्याच्या शेजारी ठेवतो.

तुम्ही म्हणाल, म्हणजे तुला मांसाहाराचं समर्थन करायचंय का? नाही. जीव मारू नये हे माझं मत या पुस्तकाने तसूभरही हललेलं नाही. पुस्तक आलं त्याच वर्षी मार्चमध्ये महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदीचा नवा कडक कायदा लागू झाला, त्यावरून वादावादी झाली, आमच्या लोकांनी पेढे वाटले. जीव वाचले याचा आनंद मी समजू शकते. पण आपली अहिंसा जीवासाठी आहे की आपल्या शुद्धपणासाठी, हा प्रश्न पाटोळ्यांचं पुस्तक नाव न घेता विचारतं. जीवासाठी असेल तर माणूसही पंचेंद्रिय जीव आहे. मग शहरांत आपण घर भाड्याने देताना ‘फक्त शाकाहारी’ म्हणतो, त्यात अहिंसा किती आणि शेजार निवडणं किती? एका ओळखीच्या घरी जागा बघायला आलेल्या मुलीचं आडनाव ऐकून ‘आमच्याकडे नॉनव्हेज चालत नाही’ असं सांगण्यात आलं. ती शाकाहारी होती. तिला विचारलंच नव्हतं.

शीर्षकातला ‘अ’ मला फार दिवस पुरला. ‘अन्न हे पूर्णब्रह्म’ आपण ताटावर बसून म्हणतो. त्यात पाटोळ्यांनी एक अक्षर घातलं. एवढंच. ज्याच्या ताटात अर्धी भाकरी आहे त्याच्यासाठी ब्रह्मही अर्धंच, असा त्याचा सरळ अर्थ. इंग्रजी भाषांतराचं नाव ‘दलित किचन्स ऑफ मराठवाडा’ असं आहे. त्या नावाने दुकानात पुस्तक कुठल्या फळीवर ठेवायचं ते कळतं, परक्या वाचकाची सोय होते, पण तो ‘अ’ गेला आणि त्याबरोबर टोमणाही गेला. मराठीत ज्याने ताटावर बसून ते वाक्य रोज म्हटलंय त्यालाच तो लागतो. आणि आपल्याला तर ‘अ’ नवा नाही. अहिंसा, अचौर्य, अपरिग्रह. आपली व्रतंच मुळी ‘अ’ने सुरू होतात. नाकारण्यात ताकद असते हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

व्रतावरून आणखी एक. १९२७ साली महाडला डॉ. आंबेडकरांनी मेलेल्या जनावराचं मांस सोडा, शिळ्या भाकरीसाठी दारोदार जाणं सोडा असं सांगितलं. स्त्रियांना वेगळं उद्देशूनही सांगितलं, की असलं मांस घरात येऊ देऊ नका. लोकांनी ते ऐकलं. गावंच्या गावं ऐकली. ज्यांच्याकडे दुसरं खायला नव्हतं त्यांनी हातातलं सोडलं. आपण पर्युषणात दहा दिवस हिरवी भाजी सोडतो तेव्हा घरात डाळी-तांदळाचे डबे भरलेले असतात. त्यांच्या डब्यात काही नव्हतं. मग त्याला त्याग म्हणायचं नाही तर काय? जैन बाईला व्रत म्हणजे काय ते कळतं, म्हणून मला वाटतं, या इतिहासाला सगळ्यांत आधी हात जोडायला हवे होते आपण. आणि पाटोळ्यांच्या पुस्तकातली अवघड, मोठी गोष्टही इथेच आहे. जे सोडलं ते त्यांनी लिहून ठेवलंय. सोडलेल्या पदार्थाची लाज वाटायला नको आणि सोडल्याचा अभिमानही राहायला हवा, अशी दुहेरी कसरत त्यांना करावी लागते. मला वाटतं ती त्यांनी पेलली आहे.

पुस्तकात दोष आहेत. रचना सैल आहे. कृती चालू असताना मध्येच वाद सुरू होतो, वाद रंगात आला की पुन्हा कृती. काही मुद्दे दोनदा-तीनदा येतात. धर्मग्रंथांशी नि संतपरंपरेशी भांडताना लेखक कधी कधी एका काठीने सगळ्यांना हाणतो, आणि शाकाहार म्हणजे वरच्या जातीचा तोरा एवढंच उरतं. आमचा शाकाहार लसूणही खात नाही, त्यामागचं गणित वेगळं आहे, त्याची दखल घेतली असती तर वाद पक्का झाला असता. पण ही माझी तक्रार लहान आहे. मोठी तक्रार बाईची आहे. आठवण खाणाऱ्याची आहे, करणारी मात्र तिथे धुरात बसलेली. वाटा कमी पडला तेव्हा तिने स्वतःचं काय केलं? शेवटी कोण जेवलं? हे तिच्या तोंडून ऐकावंसं वाटतं. बेबीताई कांबळ्यांनी, ऊर्मिला पवारांनी ‘आयदान’मध्ये हा आवाज दिला आहे. म्हणून मी आता ‘अपूर्णब्रह्म’ कुणाला दिलं की सोबत ‘आयदान’ही देते. जोडीने वाचा म्हणून सांगते. एक परत येतं, एक येत नाही. अपरिग्रह म्हणायचं.

पुस्तक देण्यावरून आमच्यात कुणी नाक मुरडलं तर मी अत्तिमब्बेचं नाव घेते. दहाव्या शतकातली कर्नाटकातली ही आपली श्राविका, दानचिंतामणी म्हणून प्रसिद्ध. पोन्न कवीच्या शांतिपुराणाच्या एक हजार प्रती तिने हाताने लिहवून घेतल्या आणि वाटल्या. छापखाना नव्हता, एकेक अक्षर कोरायचं. आहारदान, औषधदान, अभयदान यांच्या पंक्तीला आपण शास्त्रदान बसवलं ते उगीच नाही. “पण ते शास्त्र होतं, हे पुस्तक शास्त्र आहे का?” असं जाऊबाईंनी विचारलं. मी म्हटलं, ज्याने आपलं वागणं तपासून बघावंसं वाटतं त्याला मी तरी शास्त्र म्हणते. त्यांना पटलं नाही. पण पडवीतल्या फळीवरून ते पुस्तक एक रात्र त्यांच्या खोलीत गेलं होतं, एवढं मला माहीत आहे. ते दिवेलागणीनंतर वाचलं म्हणजे रात्रिभोजन होत नाही.

“ते तिकडचं मराठवाड्यातलं, आपल्या गोव्यात असलं काही नव्हतं,” हे वाक्यही मी खूप ऐकलं. गोव्यात जात समुद्राच्या वाऱ्याने उडून जाते असा एक समज आहे. पेडणे विधानसभा मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव आहे, निवडणूक आली की तेवढ्यापुरतं सगळ्यांना आठवतं. गावोगावी टोकाचे वाडे आहेत, जत्रेत कुणी कुठे उभं राहायचं याचे नियम होते. आजूबाजूचा हा सगळा मुलूख खाण्याच्या लेखनात कुठे आहे? गोव्याचं खाणं म्हटलं की आंबोट-तिक, खतखतें, शाकुती, बेबिंका. पर्यटकांसाठी छापलेल्या पुस्तकांत तर एवढंच. मोपाचा विमानतळ झाल्यापासून आमच्या रस्त्याला गोवन थाळीच्या पाट्या वाढल्यात, त्या थाळीत कुणाकुणाचं गोवा आहे ते बघावं.

म्हणून मी पुस्तक गावाच्या टोकाला राहणाऱ्या एका बाईंना मुद्दाम नेऊन दिलं. त्या अंगणवाडीच्या कामामुळे ओळखीच्या. वाचायची आवड. त्यांनी दोन महिने ठेवलं. मी मागितलं नाही. परत द्यायला आल्या तेव्हा पडवीतच बसल्या, मी आत या म्हटल्यावर आत आल्या. चहा झाला. पुस्तकाबद्दल बराच वेळ काही बोलल्या नाहीत, पावसाबद्दल बोलल्या. मग म्हणाल्या, “हेंच्यात आमचां काय ना. तेंचां येगळां, आमचां येगळां.” आणि थोड्या वेळाने, “आमचां कोण बरयतलो?”

मी म्हटलं, तुम्हीच लिहा. त्या हसल्या. शाळेतल्या मुलीसारखी वही मागायची पद्धत आता राहिली नाही, पण आमच्या दुकानात वह्या असतात, दोनशे पानी. एक दिली. पैसे त्यांनी मोजून दिले. गेल्या महिन्यात मंडळात भेटल्या तेव्हा सहज सांगावं तसं म्हणाल्या, की आजी पावसाळ्यात जे रांधायची त्यातलं काय काय आठवतंय ते बघते आहे, चार पानं झालीत, पण मापं आठवत नाहीत, कारण आजी मापाने कधी करायचीच नाही, असेल तेवढ्यात करायची.

‘अपूर्णब्रह्म’ सध्या चांदेलला आहे. यादीत त्यानंतर दोघी आहेत. ज्यांना हवंय त्यांनी आमच्या दुकानात नाव सांगून ठेवावं, कव्हर मी नवीन घातलंय.